फटफटीचे पाठभेद

मराठवाड्यात 'जर्मन' हा शब्द देशाचे नाव म्हणून कळण्याच्या कितीतरी आधी धातूचे नाव म्हणून कळतो. जर्मनचे पातेले, जर्मनची परात, जर्मनची किटली. खेड्यात त्याचा उच्चार 'जर्मल' असाही होतो. 'जर्मन सिल्व्हर' या मिश्रधातूचे नाव भांड्यांबरोबर आले आणि पुढे ते स्वस्त ॲल्युमिनियमला चिकटून राहिले. तांब्या-पितळेच्या उतरंडीत या भांड्यांना मान नव्हता. रोजच्या चुलीवर मात्र तीच असत. त्यामुळे माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावाच्या संदर्भात कोणी 'जुन्या जर्मन मोटारसायकली' असा विषय काढला, तर ऐकणारा प्रथम हसतो. जुनी जर्मन मोटारसायकल म्हणजे बीएमडब्ल्यू, एनएसयू, त्स्युन्डाप. मुंबई-पुण्याच्या रॅलीत चकाकणारी, मालकाने पांढरे हातमोजे घालून पुसलेली वस्तू. दिंद्रुडात ती कोठून येणार?

माझे म्हणणे असे आहे की ती येथे आहे, पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांमागे उभी आहे, आणि तिचा जीर्णोद्धार कसा व्हावा हा प्रश्न मेस्त्रीइतकाच साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे. किंबहुना तो मुळात पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. हे विधान ओढूनताणून केलेले वाटण्याचा संभव असल्यामुळे आधी वंशावळ पाहू.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात त्शोपाउ नावाचे एक लहान गाव आहे. योर्गन स्काफ्ते रासमुसेन या डॅनिश गृहस्थाने तेथे काढलेल्या कारखान्याचे नाव डीकेडब्ल्यू. ही तीन अक्षरे प्रथम 'वाफेवर चालणारी गाडी' या अर्थाच्या जर्मन शब्दाची होती. वाफेचा प्रयोग फसला, कारखान्याने खेळण्यातले इंजिन काढले, तेव्हा त्याच अक्षरांचा अर्थ 'मुलाची इच्छा' असा झाला. आणि पुढे छोटी इंजिने खरोखरीच चालू लागल्यावर 'छोटेसे नवल'. अक्षरे तीच, अर्थ तीन. शब्दाला चिकटलेला अर्थ ही किती तात्पुरती गोष्ट असते, हे भाषाविज्ञानाच्या वर्गात सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हा कारखाना जगातील सर्वांत मोठा मोटारसायकल-कारखाना झाला होता.

याच कारखान्यात हेरमान वेबर या अभियंत्याने आरटी १२५ ही लहान गाडी रचली. ती १९३९ मध्ये पुढे आली. टू-स्ट्रोक इंजिन, झडपा नाहीत. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढेच मुख्य हलणारे भाग. सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रांतून ताजे मिश्रण अशा कोनात आत येते की ते वळसा घालून जळलेला वायू बाहेर ढकलते. अडॉल्फ श्न्यूर्ले याच्या या युक्तीमुळे सपाट डोक्याचा पिस्टन वापरता आला. या यंत्राचा साधेपणा हाच त्याच्या पुढच्या प्रवासाचे कारण आहे. जे यंत्र सहज उलगडता येते ते सहज उतरवूनही घेता येते, आणि मग ते पुन्हापुन्हा उतरवले जाते.

दुसरे महायुद्ध संपले. त्शोपाउ सोव्हिएत ताब्यात गेले, यंत्रसामग्री उचलून नेण्यात आली, वेबरलाही रशियात नेण्यात आले आणि तेथेच १९४८ मध्ये तो वारला. आराखडे मात्र युद्धभरपाई म्हणून चोहीकडे पसरले. रशियात मॉस्क्वा (१९४६), अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५, इंग्लंडमध्ये बीएसए बँटम (१९४८), जपानमध्ये यामाहाची अगदी पहिली मोटारसायकल वायए-१ (१९५५). आणि पोलंडमधील युद्धोत्तर पहिली लहान इंजिने. मूळ प्रत एक, लेखनिक अनेक आणि प्रत्येक लेखनिकाची लिपी वेगळी! त्या पोलिश घराण्यात बरेच फेरफार होत होत किएल्त्से येथील कारखान्याची एसएचएल एम-११ ही १७५ सीसीची गाडी निर्माण झाली, आणि तिचा परवाना घेऊन फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ च्या सुमारास जी गाडी काढली तिचे नाव राजदूत.

राजदूत ही आरटी १२५ ची नक्कल आहे असे म्हणणे चूक ठरेल. इंजिन मोठे झाले, चौकट वेगळी, पुढचा चिमटा वेगळा. नाते पणजोबा-पणतूचे आहे. पण गंमत पुढे आहे. याच एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाची आरडी ३५० 'राजदूत ३५०' म्हणून आणली आणि १९८५ मध्ये आरएक्स १०० काढली. म्हणजे त्शोपाउमधून निघालेल्या दोन शाखा, एक पोलंडमार्गे आणि एक जपानमार्गे, कित्येक दशकांनी एकाच भारतीय कंपनीच्या छत्राखाली शेजारी येऊन बसल्या, आणि दोघींनाही आपले नाते ठाऊक नव्हते. (अवांतर: तिसरी शाखाही आहे. पूर्व जर्मनीतील त्याच कारखान्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे पळून गेला आणि टू-स्ट्रोकची गुपिते घेऊन सुझुकीला मिळाला. १९८० च्या दशकात आपल्याकडे आलेली इंड-सुझुकी आठवावी.)

येझदीची कथा निराळी, पण जर्मनीशी तिचाही धागा आहे. 'जावा' हे नाव इंडोनेशियातल्या बेटावरून आलेले नाही. चेक कारखानदार यानेचेक याने १९२९ मध्ये जर्मनीतील केम्नित्स येथील वांडरर कंपनीचा मोटारसायकल-विभाग घेतला. यानेचेकमधील 'जा' आणि वांडररमधील 'वा'. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती १९६१ पासून तयार होऊ लागली, पुढे तिचे 'येझदी' झाले, इराणमधील यझ्द शहरावरून, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जर्मन आराखडा, चेक कारखाना, पारशी-इराणी नाव, कन्नड कामगार आणि मराठवाड्यातील मातीचा रस्ता. वांडररचा मोटारकार-विभाग आणि डीकेडब्ल्यू हे दोन्ही १९३२ मध्ये आउडी व हॉर्श यांच्याबरोबर एकत्र आले. आउडीच्या चिन्हातील चार कडी ती हीच. ती चार कडी लावलेल्या गाड्या २००७ च्या सुमारापासून औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवल्या जाऊ लागल्या. शेजारच्या जिल्ह्यात नवी कडी जोडली जात असताना आपल्याकडे त्यांतल्या दोन कड्यांचे वंशज गोठ्यात गंजत होते.

वंशावळ एवढी पुरे. मराठीच्या अभ्यासकाला येथे एक ओळखीचा प्रश्न दिसावा. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३), देवलांचे 'झुंझारराव' (१८९०), पु. लं.चे 'ती फुलराणी' (१९७५): ही नाटके आपण 'परकी' म्हणून शिकवतो काय? रूपांतर हा आपल्या रंगभूमीचा पायाच आहे, आणि त्याचे मोल आपण मुळाशी असलेल्या निष्ठेवर ठरवत नाही, तर येथल्या मातीत ते कितपत रुजले यावर ठरवतो. नेमाड्यांच्या देशीवादाशी वाद घालणारेही एवढे मान्य करतील. मग राजदूतला वेगळा न्याय कशासाठी? बीड शहरात पहिली आगगाडी पोचायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. त्याआधीची सहा दशके दुधाचे कॅन, जनावरांचे डॉक्टर, ग्रामसेवक, गुरुजी, बियाण्याची पोती आणि अडलेली बाळंतीण ज्यांनी वाहिली त्यांत एसटीच्या जोडीला हीच 'फटफटी' होती. फटफटी हे नामकरण तिच्या आवाजावरून झाले. म्हणजे भाषेने तिला आपल्यात घेतले ते कानाने.

आता जीर्णोद्धाराकडे वळू. गेल्या काही वर्षांत शहरांतून जुन्या राजदूत आणि येझदी शोधणारे लोक खेडोपाडी येऊ लागले आहेत. २०१८ मध्ये जावाचे आणि २०२२ मध्ये येझदीचे नाव बाजारात पुन्हा आल्यापासून हा शोध वाढला, असे मला वाटते. गाडी टेम्पोत चढते, शहरात जाते आणि काही महिन्यांनी तिचे छायाचित्र दिसते: नवे क्रोम, नवा रंग, टाकीवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ, आणि खाली अभिमानाने लिहिलेले 'कारखान्यातून आली तशी'. छायाचित्र सुंदरच असते. माझा आक्षेप सौंदर्याला नाही. 'तशी' या शब्दाला आहे.

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे काय, हे कोणत्याही गावच्या देवळात जाऊन पाहावे. काळ्या पाषाणाच्या जुन्या खांबांवर ऑइलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत फरशी, शिखरावर सिमेंटचे मोर. जीर्णोद्धार समितीचा भाव शुद्ध असतो, पण तिला जीर्ण नको असते, उद्धार हवा असतो. शहरातील मोटारसायकल-शौकिनाची रुची या समितीपेक्षा उंच आहे असे तो मानतो. तत्त्व मात्र एकच आहे: मधला काळ पुसून टाकणे.

येथे बीडचीच एक गोष्ट आठवते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी हस्तलिखित प्रत मिळाली, आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. ती प्रत एकनाथांच्या पूर्वीची, म्हणून मुळाजवळची, असा त्यांचा दावा होता. दुसऱ्या बाजूला स्वतः एकनाथ: शके १५०६ मध्ये त्यांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी आत घालू नये अशी ताकीद दिली. दोघांनाही 'मूळ' हवे होते आणि दोघांचे मूळ वेगवेगळे निघाले. या दोघांच्या मध्ये तिसरी एक ज्ञानेश्वरी आहे: फडाफडांवर, घराघरांत वाचली गेलेली, कडेला कोणाचे तरी टिपण असलेली, पान फाटले म्हणून दुसऱ्या हाताने लिहून जोडलेली. पाठचिकित्सेचे शास्त्र आपल्याला सांगते की या तिसरीकडे 'भ्रष्ट' म्हणून पाहण्याची घाई करू नये. प्रत्येक पाठभेद हा कोणीतरी, कोठेतरी, काहीतरी समजून वाचल्याचा पुरावा असतो.

दिंद्रुडमधील एका निवृत्त गुरुजींची १९७४ ची राजदूत मी जवळून पाहिलेली आहे. तिचे पाठभेद असे: किकचा दांडा दोनदा वेल्डिंग केलेला. पुढच्या चिमट्याचे बुश माजलगावच्या लेथवर टर्न करून बसवलेले, पितळेचे. टाकीचे झाकण हरवले तेव्हा बसवलेला बाभळीचा दट्ट्या, आणि पुढे मिळालेले दुसऱ्याच गाडीचे झाकण. मागे दुधाच्या कॅनसाठी लोहाराने केलेले अँगलचे हूक. गुरुजींनी मधली काही वर्षे दुधाचा जोडधंदा केला होता. सिलिंडरला तीनदा बोअर मारलेले, म्हणजे पिस्टन दर वेळी थोडा मोठा. प्लग मायकोचा. (बंगळूरची ही कंपनी १९५१ ची आणि मुळात बॉश या जर्मन घराची, २००८ मध्ये तिचे नावही बॉश झाले. मेस्त्री मात्र आजही 'मायको द्या' असेच म्हणतो.) सीटचे कव्हर ताडपत्रीचे. हे सारे काढून टाकले आणि 'कारखान्यातून आली तशी' गाडी केली, तर ती फरिदाबादची एक गाडी होईल, अशा असंख्य गाड्यांसारखी. दिंद्रुडची राहणार नाही.

हा केवळ आवडीनिवडीचा वाद असता तर त्यावर लिहिण्याची गरज नव्हती. पण आता त्यात कायदा आला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'विंटेज' वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी. ती मूळ स्वरूपात राखलेली असावी. चौकट, सांगाडा वा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,०००, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. प्रदर्शन, अभ्यास, रॅली अशा कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापरासाठी नाही.

हा नियम वाईट हेतूने केलेला नाही. जुन्या गाड्यांना भंगारातून वाचवण्याचा मार्ग त्याने काढला, हे मान्य केले पाहिजे. पण त्यात 'मूळ' या शब्दाची जी कल्पना आहे ती पहिल्या प्रतीवर अडून बसलेली आहे. गुरुजींची राजदूत वयाने पात्र आहे. मात्र लेथवरचे बुश, बोअर मारलेले सिलिंडर आणि अँगलचे हूक घेऊन ती 'मूळ स्वरूपात' आहे हे कोणाला पटवून देणार? वजनावर विकली तर ती नोंदणीच्या शुल्काइतके पैसेही देणार नाही. तिला वाचवायचे तर आधी तिचा इतिहास खरवडून काढायचा, मग वीस हजार भरायचे, आणि नंतर तिच्यावर बसून बाजारला जायचे नाही. पोथी रुमालात बांधून देव्हाऱ्यात ठेवावी, वाचू मात्र नये, असाच हा प्रकार.

आश्चर्य असे की ज्यांची ही यंत्रे, ते लोक एवढे सोवळे नाहीत. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांपुढील वाहनांना ऐतिहासिक वाहनाचा क्रमांक मिळतो, आणि गाडीच्या काळाला धरून झालेले बदल त्यात चालतात. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, २०१२ मध्ये तुरिन सनद स्वीकारली. ती स्मारकांसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवर बेतलेली आहे. तिचा गाभा असा की नवे करण्यापेक्षा जपणे श्रेष्ठ, आणि वाहनाच्या आयुष्यात वापरातून झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग आहे. आपल्या नियमात ही समज यायला हरकत नसावी. वय पन्नास वर्षे असावे, चौकट आणि इंजिन त्याच गाडीचे असावे, आणि दुरुस्त्या लपवलेल्या नसून नोंदलेल्या असाव्यात, एवढी व्याख्या पुरेशी झाली असती.

याला जो विरोध होईल तो मला ठाऊक आहे, आणि त्यातला अर्धा मला मान्य आहे. एखादी तरी गाडी कारखान्यात होती तशी, अचूक, राखली गेली पाहिजे. नाहीतर पाठभेद हे कशाचे भेद, हेच कळणार नाही. चिकित्सक आवृत्तीला एक आधारप्रत लागतेच. ब्रेक, टायर, वायरिंग यांच्या बाबतीत तर इतिहासप्रेम दाखवूच नये. याहून गंभीर आक्षेप असा की ही ठिगळे म्हणजे दारिद्र्य आहे, कला नव्हे. बाभळीचा दट्ट्या कल्पकतेपोटी बसवलेला नव्हता. माजलगावात झाकण मिळत नव्हते आणि बीडला जायला एक दिवसाची रजा पडत होती. व्यवस्थापनशास्त्राची मंडळी 'जुगाड'वर व्याख्याने देतात तेव्हा मला संकोच वाटतो. गरजेला सद्गुण म्हणून चौकटीत बसवणे हेही एक प्रकारचे क्रोमच आहे. म्हणून ठिगळे पूजेला ठेवा असे मी म्हणत नाही. संपादक जे करतो तेवढेच मागतो: जो भाग बदलायलाच हवा तो बदला, पण जुना भाग फेकू नका, तो चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा, कोणी, केव्हा, का बसवला ते लिहा. मुख्य पाठात जे घेता येत नाही ते तळटिपेत जाते. त्या डब्याला मी तळटीपच म्हणेन.

गुरुजींच्या गाडीचे काम निघाले तेव्हा या भूमिकेची कसोटी लागली. मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारले, "सर, हिला नवी करायची का चालू करायची, ते आधी सांगा." यापेक्षा नेमका प्रश्न मी कोणत्याही संशोधन-पद्धतीच्या पुस्तकात वाचलेला नाही. चालू करायची असे ठरले. टाकीचा वरचा रंग पोपडे धरून निघत होता. तो घासताना खाली जुनी अक्षरे दिसू लागली. पेंटरने वळणदार हातात लिहिलेले: 'चि. जावईबापूंस सप्रेम भेट'. भांड्यावर नाव घालावे तसे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, राजदूत त्यानंतरच्या वर्षाची. दोघे जवळजवळ एका वयाचे, आणि बीड जिल्ह्यात कोण अधिक चालले ते सांगायला नको. गुरुजींनी केव्हातरी त्या अक्षरांवर रंग मारून घेतला होता. ते आता अवघडून म्हणाले, "तेवढं घासून टाका." मला ते पटत नव्हते, पण गाडी त्यांची. बाई दारात उभ्या होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. माझ्या बापानं दीड एकर इकलंय त्याच्यापायी."

अक्षरे राहिली. त्यांच्यावर पारदर्शक थर दिला आणि बाकीच्या टाकीला साधा काळा रंग. कारखान्यातून आलेल्या प्रतीत ती अक्षरे नव्हती, म्हणून 'मूळ'वाद्यांच्या दृष्टीने ती प्रक्षिप्त आहेत. त्या गाडीवर खरे लिहिलेले काही असेल तर तेवढेच आहे, असे माझे मत आहे.

राहिला प्रश्न आपल्या विभागांचा. मराठीच्या पदव्युत्तर विभागांतून ओव्या, भारुडे, म्हणी यांचे संकलन आपण करवून घेतो, आणि ते योग्यच आहे. पण मेस्त्रीची मराठी कोणी टिपली आहे? इंजिन 'खोलतात' आणि पुन्हा 'बांधतात'. पोथीलाही बांधणीच म्हणतात. नटाचे 'आटे जातात', पिस्टन 'धरतो', कार्बोरेटरमध्ये 'कचरा येतो', पॉइंट 'घासतात', चाक 'आउट' निघते, बेअरिंगमधले 'छर्रे' झिजतात. यातले निम्मे शब्द दखनीतून, काही इंग्रजीतून, काही थेट बैलगाडीच्या शास्त्रातून आलेले आहेत. निजामी राजवटीचा अंमल येथल्या गॅरेजात अजून ऐकू येतो. गाडी चढाला दमली तर ती 'उचल घेत नाही' असे म्हणतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या माणसाला 'उचल' या शब्दाचा दुसरा अर्थ सांगावा लागत नाही. मुकादमाकडून घेतलेल्या त्या आगाऊ रकमेवर त्याचे सहा महिने गहाण पडतात. एकच शब्द फडावर आणि गॅरेजात दोन वेगळे भार वाहतो, हे कोशात यायला नको काय? टू-स्ट्रोक ऐकून दोष सांगणारी पिढी साठीच्या पुढे गेली आहे. तिची मुले संगणकाला तार जोडून गाडीचा बिघाड वाचतात. त्यात वाईट काही नाही, पण ऐकण्यासाठी तयार झालेली शब्दसंपदा त्यांना लागणार नाही. एम.ए. द्वितीय वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय मी दोनदा सुचवला. विद्यार्थ्यांनी उत्साह दाखवला. 'हे साहित्यात बसत नाही' अशी शंका आली ती शिक्षकांकडून.

गुरुजींची राजदूत सध्या चालते. एक अडचण नवीन आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही उसापासून होते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, जुन्या रबराच्या नळ्या आणि पॅकिंग त्याला टिकत नाहीत, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत गाळ दिसतो. ज्या तालुक्यांतून माणसे ऊस तोडायला जातात, तेथल्या जुन्या गाडीला उसाचाच त्रास व्हावा, यावर मेस्त्री मनापासून हसले. त्यांनी नळी बदलली, जुनी नळी चिठ्ठी बांधून डब्यात टाकली, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी तेलगावपर्यंत नेऊन आणा, उभी ठेवू नका, असे गुरुजींना बजावले.